अणुवीज आणि बाईचं आरोग्य : आपली नोंद कोण ठेवणार?

(किनारपट्टीवरच्या महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अणुऊर्जेचे आरोग्यावरील परिणाम’ असा भारदस्त विषय छापला आहे. मी शास्त्रज्ञ नाही, डॉक्टरही नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली दहा-बारा वर्षं गावोगावच्या बायकांबरोबर आरोग्याचं काम करते आहे. त्यामुळे अणू कसा फुटतो यावर मी फार बोलणार नाही. तो फुटल्यावर जे हवेतून, पाण्यातून, दुधातून घरात येऊ शकतं आणि बाईच्या अंगात जाऊन बसतं, त्याबद्दल बोलणार आहे. आणि सगळ्यात जास्त बोलणार आहे ते नोंदींबद्दल.

नोंदवही म्हटलं की जांभया येतात, मला माहीत आहे. सकाळपासून आपण जमीन, मासेमारी, पोलिसांच्या केसेस यांवर बोललो. ते सगळं महत्त्वाचंच आहे. पण समजा, प्रकल्प झाला, भट्टी सुरू झाली, आणि वीस वर्षांनी गावातल्या बायका म्हणाल्या की आमचे गर्भ टिकत नाहीत. तर त्यांना पहिला प्रश्न विचारला जाईल, ‘पूर्वी टिकत होते कशावरून?’ त्या प्रश्नाचं उत्तर आज तयार करून ठेवता येतं. भट्टी एकदा तापली की ‘आधीची’ नोंद कुणालाच करता येणार नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच. आता त्यामागची कारणं सांगते.

वीज होते कशी आणि मागे उरतं काय

कोळशाच्या केंद्रात कोळसा जाळून पाणी उकळतात, वाफेवर चक्र फिरतं आणि वीज होते. अणुवीज केंद्रातही शेवटी पाणीच उकळायचं असतं. फक्त उष्णता युरेनियमचे अणू फोडून मिळवलेली असते. त्या उष्णतेतला जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत बदलतो. उरलेले दोन तृतीयांश कुठेतरी सोडून द्यावे लागतात. म्हणून अशी केंद्रं समुद्रकाठी किंवा मोठ्या जलाशयाजवळ बांधतात. आपल्या किनाऱ्यावर नजर जाते ती याच कारणाने.

अणू फुटल्यावर जे तुकडे उरतात ते किरणोत्सारी असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चव नाही. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० निम्मं व्हायला तीस वर्षांच्या आसपास लागतात. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात. ही द्रव्यं अंगात गेली की शरीर फसतं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी किरणोत्सारी आयोडीन आणि साधं आयोडीन यांत फरक करत नाही. हाडं स्ट्रॉन्शियमला कॅल्शियम समजून ठेवून घेतात. जड पाण्याच्या भट्ट्यांतून बाहेर पडणारं ट्रिटियम हा तर हायड्रोजनचाच एक प्रकार. ते पाण्याच्या रूपात अंगभर फिरतं आणि वारेतून गर्भापर्यंत पोचतं.

केंद्र नीट चालू असताना ही द्रव्यं बंदिस्त असतात आणि ठरलेल्या मर्यादेत थोडीशीच बाहेर सोडली जातात, असं सांगतात. सामान्य माणसासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. दगड, माती, आकाश यांतून आपल्याला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. केंद्राजवळच्या गावांत पडणारी भर मर्यादेच्या पुष्कळ खाली असते, असं अणुऊर्जा खातं म्हणतं. हे सगळं आपण ऐकून घ्यावं. पण मोजणारं कोण, आकडे कोणाकडे राहतात आणि मर्यादा ठरवताना कोणाचं शरीर डोळ्यापुढे होतं, हेही विचारावं.

दुधाची वाट

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या, आजच्या युक्रेनमधल्या चेर्नोबिल केंद्राच्या चौथ्या भट्टीत स्फोट झाला. शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९ हजार लोकांना दुसऱ्या दिवशी, २७ एप्रिलला हलवलं. तोवर मुलं अंगणात खेळत होती. त्या वर्षभरात एक लाखाहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली.

या अपघातात मुलांच्या अंगात किरणोत्सर्ग गेला तो मुख्यतः दुधातून. ढगातलं आयोडीन गवतावर पडलं, गवत गाईने खाल्लं, गाईचं दूध मुलांनी प्यायलं. मूल लहान, ग्रंथी लहान, दूध मात्र पोटभर. पुढे युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या बाधित भागात, अपघाताच्या वेळी १८ वर्षांखाली असलेल्यांमध्ये १९९१ ते २०१५ या काळात थायरॉईडच्या कर्करोगाचे १९ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीच्या अंदाजाप्रमाणे त्यातले सुमारे चौथा हिस्सा किरणोत्सर्गामुळे झालेले. बाकीचे वय वाढल्यामुळे आणि तपासणी जास्त झाल्यामुळे.

यातले कितीतरी आजार टाळता आले असते. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. म्हणजे काही आठवडे ताजं दूध मुलांना द्यायचं नाही, एवढं जरी आयांना वेळेवर सांगितलं असतं तरी पुष्कळ फरक पडला असता. शेजारच्या पोलंडने २९ एप्रिलपासून साध्या आयोडीनचा डोस वाटायला सुरुवात केली आणि एक कोटीहून जास्त मुलांना तो दिला. सोव्हिएत सरकारने मात्र आधी बातमी दाबली. घरात दूध तापवणारी, पाणी भरणारी, भाजी निवडणारी बाईच असते. तिला माहिती न देणं म्हणजे मुलाच्या आणि विषाच्या मधली शेवटची भिंत काढून घेणं.

सत्तर किलोचा माणूस

आता मर्यादेकडे येऊ. किरणोत्सर्गाचे हिशेब करताना शास्त्रज्ञांनी एक ‘प्रमाण माणूस’ कल्पिला होता. १९७५ साली आंतरराष्ट्रीय समितीने त्याचं वर्णनच छापलं. वय २० ते ३०, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर, गोरा, राहणी आणि सवयी पश्चिम युरोप-अमेरिकेतल्या. या वर्णनात आपल्यातली एक तरी बसते का पाहा. २००२ साली त्यात बाईच्या आणि मुलांच्या शरीराचीही मापं घातली गेली. पण हिशेबात आजही बाई-पुरुषांची सरासरी काढतात आणि मर्यादा सगळ्यांना एकच लावतात.

सरासरीने काय झाकलं जातं? हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्या माणसांचा अभ्यास १९५० पासून चालू आहे. प्रामुख्याने त्याच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००६ साली एक अहवाल काढला. त्यानुसार सारखाच किरणोत्सर्ग अंगावर घेतला तरी कर्करोगाने मरण्याचा धोका बाईला पुरुषाच्या सुमारे दीडपट असतो. स्तन, फुफ्फुस, थायरॉईड हे अवयव बाईच्या बाबतीत जास्त नाजूक ठरतात. लहान वयात धोका आणखी वाढतो. म्हणजे सगळ्यात जास्त धोका तान्ह्या मुलीला, आणि माप मात्र सत्तर किलोच्या पुरुषाचं. औषधांच्या चाचण्यांपासून बसमधल्या दांड्याच्या उंचीपर्यंत हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आयांना विचारलं तेव्हा

बाईच्या सांगण्याला शास्त्रात किंमत असते का, असं कार्यकर्त्या मला विचारतात. त्यांना मी अॅलिस स्टुअर्ट या इंग्लिश डॉक्टरबाईंची गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये रक्ताच्या कर्करोगाने मुलं दगावत होती आणि कारण सापडत नव्हतं. बाईंनी विचार केला की डॉक्टर जे विसरले ते आईला आठवत असेल. त्यांनी प्रश्नावली तयार केली आणि १९५३ ते १९५५ या काळात कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या आयांना, आणि तितक्याच निरोगी मुलांच्या आयांना, तेच प्रश्न विचारले. दिसलं असं की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांत कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट होता. १९५६ आणि १९५८ मध्ये हे छापून आलं. डॉक्टरमंडळींनी आणि अणुउद्योगाने ते वीसेक वर्षं मानलं नाही. आज कोणत्याही एक्स-रेच्या खोलीबाहेर ‘आपण गरोदर असल्यास आधी सांगा’ अशी पाटी असते. ती पाटी त्या आयांच्या आठवणीतून आली आहे.

आपल्या देशातलं उदाहरण राजस्थानातल्या रावतभाट्याचं. कॅनडाच्या मदतीने बांधलेली पहिली भट्टी तिथे १९७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९८१ मध्ये. १९९१ साली गुजरातमधल्या वेडछीच्या डॉ. संघमित्रा गाडेकर आणि सुरेंद्र गाडेकर यांनी कार्यकर्त्यांना घेऊन तिथे घरोघर पाहणी केली. केंद्राजवळची पाच गावं, आणि पन्नास किलोमीटरहून दूरची तशाच राहणीची चार गावं. दोन्हीकडे तेच प्रश्न. जवळच्या गावांत आपोआप होणारे गर्भपात, मृत जन्म, जन्मतःच दगावणारी बाळं, जन्मतः व्यंगं आणि गाठी यांचं प्रमाण जास्त आढळलं. हे निष्कर्ष त्यांच्या ‘अणुमुक्ती’ या नियतकालिकात आणि पुढे आरोग्यविषयक नियतकालिकातही छापले गेले. अणुऊर्जा खात्याने ते मान्य केले नाहीत.

हा वाद का मिटला नाही? कारण भट्टी येण्यापूर्वी त्याच गावांत काय होतं, याची तुलनेला धरता येईल अशी नोंद नव्हती. दूरच्या गावाशी तुलना केली की समोरचा म्हणतो, ती गावं वेगळी आहेत. गरिबी, कुपोषण, पाणी, नात्यातली लग्नं, काहीही पुढे करता येतं. गाडेकरांनी जमेल तेवढं चोख काम केलं. पण अठरा वर्षं उशिरा सुरू झालेल्या पाहणीला मागे जाता येत नाही.

दुसरी बाजूही ऐकू

आपल्या सभांमध्ये एक सवय लागली आहे, आपल्याला हवे तेवढेच आकडे सांगायची. त्याने आपलंच नुकसान होतं. म्हणून विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावाही सांगते.

केरळच्या किनाऱ्यावर करुनागपल्ली भागात वाळूतच थोरियम आहे. तिथे निसर्गतःच किरणोत्सर्ग इतर ठिकाणांहून कितीतरी जास्त. तरी तिथल्या हजारो माणसांच्या अभ्यासात कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. त्याच भागात १९९५ पासून इस्पितळांत जन्मणाऱ्या बाळांची तपासणी चालली, त्यातही व्यंगं जास्त आढळली नाहीत. अणुऊर्जा खातं हा दाखला नेहमी देतं आणि तो खोटा नाही.

आता जर्मनी पाहा. तिथल्या १६ अणुवीज केंद्रांभोवतीचा अभ्यास २००७ च्या शेवटी बाहेर आला. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, पाच वर्षांखालच्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट दिसला. २४ वर्षांत ३७ मुलं. अभ्यास करणाऱ्यांनी हेही लिहिलं की केंद्रातून बाहेर पडणारा मोजलेला किरणोत्सर्ग इतका कमी आहे की त्याने याचा उलगडा होत नाही. कारण अजून वादात आहे, मुलं मात्र आजारी पडली हे निश्चित.

या दोन अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध जातात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. करुनागपल्लीत १९९० पासून कर्करोगाची नोंदणी आहे. जर्मनीत बालकर्करोगाची देशभर नोंदणी आहे. नोंद होती म्हणून उत्तर शोधता आलं. केरळात सरकारी पैशाने लाखाहून जास्त बाळं तपासता येतात, तर अणुभट्टीच्या शेजारच्या प्रत्येक गावातही तपासता येतील. आकडे सरकारच्या बाजूने निघाले तर सरकारलाच बरं. मग ते उघड ठेवायला हरकत कसली?

आणि कर्करोगाची नोंदणी झाली म्हणजे आपलं काम संपलं असंही नाही. कर्करोगाचा रुग्ण मोठ्या इस्पितळात जातो, तिथे त्याची नोंद होते. तिसऱ्या महिन्यात पडलेला गर्भ कुठल्या नोंदवहीत जातो? बाई दोन दिवस आडवी होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याला जाते. सासूला माहीत असतं, शेजारणीला माहीत असतं. कागदाला माहीत नसतं.

दोष बाईच्या माथी

झारखंडमधल्या जादुगोड्याला १९६७ पासून युरेनियमची खाण आहे. आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्ट्यांचं इंधन सुरू होतं तिथून. एक टन दगडातून एक किलोसुद्धा युरेनियम निघत नाही. बाकीचा दळलेला गाळ, बहुतांश किरणोत्सर्गासह, गावाशेजारच्या तलावांत साठवला जातो. उन्हाळ्यात तो वाळतो आणि वाऱ्यावर उडतो. आजूबाजूला संथाळ, हो अशा आदिवासींची वस्ती. २००७ मध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेने तिथे पाहणी केली. खाणीजवळच्या गावांत जन्मतः व्यंगं आणि मूल न होण्याचं प्रमाण दूरच्या गावांपेक्षा जास्त असल्याचं त्यांनी मांडलं. खाण चालवणाऱ्या कंपनीने ते नाकारलं.

मूल होत नाही म्हटल्यावर आपल्या समाजात काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवऱ्याची तपासणी होत नाही. पाण्याची, मातीची तर नाहीच नाही. बाईलाच वांझ म्हणतात, टाकून देतात, दुसरी करतात. जपानमध्ये अणुबाँबमधून वाचलेल्या मुलींशी लग्न करायला घरं नकार देत, ही नोंदलेली गोष्ट आहे. हवेत सोडलेल्या गोष्टीचा दोष शेवटी बाईच्या कुशीवर येऊन पडतो.

भीतीचंही तसंच. चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये पोचलेला किरणोत्सर्ग फारच थोडा होता. पण खरी माहिती कोणी सांगेना, डॉक्टरही गोंधळलेले. १९८७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे हवीहवीशी असलेली सुमारे अडीच हजार गरोदरपणं तिथे केवळ भीतीने संपवली गेली. म्हणून म्हणते, माहिती दाबणं जितकं वाईट तितकंच अतिरंजित भीती पसरवणं वाईट. दोन्हींची किंमत बाईच मोजते.

याच संदर्भात आपल्या पोस्टर-प्रदर्शनांविषयी एक बोलायचं आहे. व्यंग असलेल्या मुलाचा फोटो मोठा करून ‘अणुभट्टी आली तर असं होईल’ असं खाली लिहिणं आपण थांबवू या. ते मूल आणि त्याची आई हे भीती दाखवायचं साधन नाही. उद्या त्याच गावातल्या मुलींची लग्नं अडतील, आणि ती अडवणारं पोस्टर आपलं असेल.

आपल्या किनाऱ्यावर

महाराष्ट्रात अणुवीज १९६९ पासून आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या त्या वर्षी सुरू झाल्या. देशातलं ते पहिलं अणुवीज केंद्र. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. मासेमारीवर जगणाऱ्यांचा समुद्रच दूर झाला.

जैतापूरला ९,९०० मेगावॅटचं केंद्र ठरलं आहे. फ्रेंच बनावटीच्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या भागातली ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी घेतली. सुरुवातीला बहुतेक शेतकऱ्यांनी भरपाईचे धनादेश नाकारले. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण खात्याने ३५ अटी घालून मंजुरी दिली. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. त्याच्या पाच आठवडे आधीच जपानमध्ये फुकुशिमाच्या तीन भट्ट्या वितळल्या होत्या. इतकी वर्षं झाली, भट्ट्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. योजना मात्र रद्द झालेली नाही.

भरपाई मिळते ती सातबारावर नाव असलेल्याला. सातबारावर बाईचं नाव किती घरांत आहे? आणि समुद्राला तर सातबाराच नाही. होडीचा मालक निदान कागदावर सापडतो. मासळी निवडणारी, खारवणारी, सुकवणारी, टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. केंद्राचं गरम पाणी खाडीच्या तोंडाशी सुटून मासळी दूर गेली, तर पहिली रोजी बुडते तिची. किरणोत्सर्ग नसला तरी हा आरोग्याचाच प्रश्न आहे. रोजी गेली की ताटातली मासळी जाते, आणि ताटातून आधी कमी होतं ते बाईच्या.

कुणी म्हणेल, मग वीज नको का? कोळशाच्या राखेने माणसं मरत नाहीत का? मरतात. कोळशाच्या केंद्राजवळच्या बायकांचा खोकला मी ऐकला आहे. अणुवीज तयार होताना धूर निघत नाही, हेही खरं. पण पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही देशाच्या विजेत तिचा वाटा सुमारे ३ टक्के आहे, आणि तिचा कचरा आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही सांभाळावा लागणार आहे. या सभागृहात काहीजणी प्रकल्पाच्या पूर्ण विरोधात आहेत, काहीजणी अजून विचार करताहेत. नोंदवहीच्या कामाला दोघीही लागतात.

हे काम आत्ताच का, याला आणखी एक कारण आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने या क्षेत्रावर गुप्ततेचं कुलूप घातलं होतं. २०१० च्या कायद्याने अपघात झाल्यास केंद्र चालवणाऱ्याच्या भरपाईला मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे दोन्ही कायदे रद्द करणारा नवा कायदा केला आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. सरकारी खात्याकडून माहिती काढताना आपल्या नाकी नऊ येतात. उद्या कंपन्यांशी गाठ पडेल तेव्हा आपल्या हातात आपले आकडे हवेत.

काय करायचं

जपानमधल्या इवाकी शहरात फुकुशिमाच्या अपघातानंतर आयांनी वाट पाहिली नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी ‘ताराचिने’ नावाचं मापन केंद्र काढलं. शास्त्राची पदवी नसलेल्या बायका यंत्रं चालवायला शिकल्या. भाजी, मासे, माती, पाणी त्या स्वतः मोजतात आणि आकडे जाहीर करतात. त्याच फुकुशिमात आणखी एक धडा आहे. अपघातानंतर सुमारे तीन लाख मुलांच्या गळ्याची सोनोग्राफी झाली आणि आतापर्यंत तीनशेहून जास्त जणांत कर्करोग सापडला. तो किरणोत्सर्गामुळे, की इतकी बारीक तपासणी झाल्यामुळे आधीपासूनचाच उघडकीला आला? तज्ज्ञांत अजून वाद आहे. कारण अपघातापूर्वी त्या मुलांचे गळे कोणी तपासले नव्हते. पुन्हा तेच. आधीची नोंद नाही.

तर आपल्यापुरतं काम असं.

पहिलं, गरोदरपणांची नोंद. प्रकल्पाजवळच्या गावातल्या प्रत्येक घरी जायचं. किती वेळा दिवस गेले, किती पडले, कितव्या महिन्यात, मृत जन्म किती, पहिल्या दिवशी आणि पहिल्या महिन्यात दगावलेली बाळं किती, जन्मतः व्यंग काय. फक्त सवाष्णींना विचारून थांबायचं नाही. विधवा, टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या, सगळ्यांना विचारायचं. मुंबईला गेलेली सून गणपतीला येते तेव्हा तिलाही.

दुसरं, बाकीची कारणंही लिहायची. मिश्री-तंबाखू, अंगातलं रक्त कमी असणं, कलमांवरच्या फवारणीचं काम, नात्यातलं लग्न, विहीर कुठली, एक्स-रे कधी काढला. हे आपण लिहिलं नाही तर उद्या हीच कारणं आपल्या तोंडावर फेकली जातील.

तिसरं, दूरचं एक गाव. तशीच वस्ती, तसाच धंदा, पण प्रकल्पापासून दूर. तिथेही तेच प्रश्न, त्याच शब्दांत.

चौथं, सरकारी नोंदींच्या प्रती. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही, उपकेंद्राच्या, अंगणवाडीच्या नोंदी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून किंवा ग्रामसभेत ठराव करून मागायच्या. आशाताई आणि नर्सबाई आपल्याच आहेत, पण त्यांना अडचणीत आणून कागद घ्यायचे नाहीत.

पाचवं, गुप्तता. तक्त्यावर नाव नको, क्रमांक हवा. नावांची यादी वेगळी, कुलपात. कुणाचा गर्भ पडला हे चव्हाट्यावर आलं तर आपण त्या बाईचे गुन्हेगार ठरू.

सहावं, जाणकारांची मदत. प्रश्नावली आणि आकडेमोड समाजवैद्यक शास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायची. निष्कर्ष आपल्या मनासारखा निघाला नाही तरी तो जसाच्या तसा गावात वाचून दाखवायचा.

आणि तारापूरसारख्या, जिथे केंद्र चालूच आहे तिथल्या गटांनी आणखी काही प्रश्न लेखी विचारावेत. अपघात झाला तर आम्हाला कोण, कसं कळवणार? रात्री दोन वाजता कळवणार कसं? आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला किती द्यायच्या? गाडी कुठे येणार, आणि म्हाताऱ्या सासूला उचलून न्यायचं कुणी? सरावाच्या कवायतीत बायका किती होत्या? फुकुशिमात लोकांना हलवण्याच्या धावपळीने आणि त्यानंतरच्या हालांनी दोन हजारांहून जास्त माणसं दगावली, बहुतेक म्हातारीकोतारी. घरातल्या म्हाताऱ्यांचं करणारी बाई या आराखड्यात धरलेली आहे का, ते पाहायला हवं.

काम कंटाळवाणं आहे. घोषणा देण्यासारखं नाही, वर्तमानपत्रात फोटो येण्यासारखंही नाही. एका गावाला तीन-चार महिने लागतील. काही घरांत दार उघडणार नाहीत, काही बायका रडतील, आणि ते रडणं ऐकून घेण्याची तयारी करूनच जावं लागेल. पण गाव आपल्या ओळखीचं आहे, बायका आपल्याशी बोलतात, आणि हा विश्वास कुठल्याही खात्याजवळ नाही.

उद्या सकाळच्या सत्रात प्रश्नावलीचा कच्चा मसुदा वाटते. तो वाचून, खोडून, बदलून घ्या. प्रत्येक गटाने जेवणापूर्वी दोन गावांची नावं ठरवावीत, एक जवळचं आणि एक दूरचं. प्रत्येक गावासाठी दोन बायका, एक वही आणि सुरुवात करायची तारीख. एवढं ठरवून उठलो तर हे शिबिर सार्थकी लागलं असं मी म्हणेन.